घरची भाषा, दारची भाषा

व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावरची गादी हस्तगत केल्यावर जी मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी स्थायिक झाली, त्यांच्या वंशजांच्या अनेक घरांत, १८५५ मध्ये ते राज्य खालसा होऊन दरबार आणि मोडीतले दफ्तर यांचा आश्रय संपला तरीही, मुले आईशी मराठी आणि अंगणात तमिळ बोलत वाढली. ही मराठी टिकली ती स्वयंपाकघर, देवघर आणि आजीची मांडी यांच्या बळावर. तिच्यात तमिळ शब्द मिसळले, हेल पालटला, पुण्याहून गेलेल्या पाहुण्याला ती क्षणभर अनोळखी वाटते, परंतु तिला अशुद्ध म्हणणे हा मी घोर अन्याय समजतो.

दोन भाषांनी मूल गोंधळते, ही भीती निराधार आहे. झ्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने, पित्याने मुलाशी केवळ फ्रेंच व मातेने केवळ जर्मन बोलावे असा नेम घरात पाळून, आपल्या मुलाविषयीची निरीक्षणे १९१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या बालकाने दोन्ही भाषा आत्मसात केल्या. एकाच वाक्यात मूल दोन भाषांतील शब्द गुंफते, तेव्हा बहुधा जो शब्द आधी जिभेवर येतो तो ते उचलत असते.

खरा धोका असतो तो मौनाचा. शाळा सुरू झाली की दारची भाषा प्रबळ होते आणि मूल मराठी प्रश्नाला तमिळमध्ये उत्तर देऊ लागते. अशा वेळी रागे न भरता आईने पुढचा प्रश्न मराठीतच विचारावा, आणि रात्रीची गोष्टही मराठीतच सांगावी.