समुद्राचा गढूळपणा आकाशातून

पावसाळ्यात आमच्या बिबवेवाडीच्या उतारावरून तांबूस पाण्याचे लोट वाहू लागले, की वर्गात कोणीतरी हमखास विचारतो, “सर, ही माती समुद्रात जाते का?” जाते, पण फार थोडी. मुळा-मुठेतून ती भीमेला मिळते आणि बरीचशी उजनी धरणात बसते. त्यातून उरलीच, तर कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे! कोकणचा समुद्र गढूळ करतात त्या घाटापलीकडच्या नद्या : उल्हास, सावित्री, वाशिष्ठी. उत्तरेस खंबायतच्या आखातात तर भरती-ओहोटीचा जोर इतका, की तळचा गाळ पुन्हा पुन्हा ढवळून वर येतो.

हा गाळ कोठे जातो हे कळायला हवे. मुंबई बंदरात जहाजांची वाट खोल ठेवण्यासाठी तो उपसावा लागतो. गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही, आणि माशांचे अन्न असलेल्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ खुंटते. पण होडीतून जाऊन किती बाटल्या भरणार?

एक प्रयोग करा. काळ्या कागदावर पाण्याचे दोन काचेचे पेले ठेवा. एकात चिमूटभर माती ढवळा. खोलीत अंधार करून, बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावून वरून प्रकाश टाका. स्वच्छ पेला काळाच दिसेल. गढूळ पेला लाल उजळेल. मातीचे कण प्रकाश विखरून परत पाठवतात. पेल्यात उरलेला लाल प्रकाश काळ्या कागदाने गिळला. खोल समुद्रात तो पाणीच गिळते. म्हणून समुद्राकडून लाल प्रकाश आला, की गाळाचा संशय घ्यावा!

२६ मे १९९९ रोजी इस्रोने सोडलेल्या ओशनसॅट-१ वरील कॅमेरा असा प्रकाश ८ रंगपट्ट्यांत टिपत असे. २०२२ मध्ये गेलेल्या ओशनसॅट-३ वर असे १३ पट्टे आहेत. त्याच दिवशी होडीतून आणलेले पाणी गाळून, गाळ वाळवून, तोलून लिटरला किती मिलिग्रॅम ते काढतात आणि चित्रातील उजेडाशी त्याचा आलेख मांडतात.

खरी अडचण हवेची. कॅमेऱ्यात शिरणारा बहुतेक प्रकाश समुद्राचा नसून हवेने विखुरलेला असतो. तो वजा करण्याची युक्ती अशी : अवरक्त प्रकाशात स्वच्छ समुद्र जवळजवळ काळा असतो, तेव्हा तेथे जे दिसेल ते हवेचे. पण गढूळ पाणी त्या प्रकाशातही उजळते; मग बिचारा संगणक गाळालाच हवा समजून वजा करून टाकतो! अशा ठिकाणी आणखी लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश घ्यावा लागतो.

आणि ढग? कोकणच्या नद्या सर्वांत जास्त गाळ आणतात तो नेमका ढगांच्या दिवसांत. ढगांखालचे पाणी या कॅमेऱ्याला दिसत नाही. अशा वेळी बाटलीचा आधार घ्यावा, तर बऱ्याच होड्या त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात.