कॅप्सूलमधले रंगीत दाणे

पारदर्शक कॅप्सूलमध्ये बडीशेपेच्या गोळ्यांसारखे बारीक दाणे तुम्ही पाहिले असतील. ते शोभेसाठी नसतात. प्रत्येक दाणा म्हणजे औषधाचा छोटासा डबा, आणि डबा कधी उघडायचा हे त्याच्या भिंतीवर ठरतं.

साधी गोळी घेतली की औषध रक्तात झपाट्याने चढते आणि काही तासांत उतरते. जास्त चढलं तर साइड इफेक्ट, फार उतरलं तर उपयोग शून्य. म्हणून डॉक्टर "दिवसातून तीन वेळा" लिहितात आणि आपण दुपारची गोळी हमखास विसरतो. यावर स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने १९५२ साली 'स्पॅन्स्यूल' काढली. आत शेकडो दाणे, काहींवर मेणासारखा पातळ थर, काहींवर जाड. पातळवाले आधी विरघळतात, जाडवाले नंतर. आयडिया एवढी सोपी!

असा थर चढवायचा कसा? केमिकलवाल्यांना फ्लुइडाइज्ड बेड माहीत आहेच. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेल वुर्स्टर यांनी तोच वापरला. खालून गरम हवा सोडली की दाणे कारंज्यासारखे मधल्या नळीतून वर उडतात, उडताना त्यांच्यावर पॉलिमरचा स्प्रे बसतो आणि खाली येईपर्यंत ते वाळतात. अशा कित्येक फेऱ्या.

दुसरी पद्धत कोअॅसर्व्हेशन. नाव अवघड, सामान मात्र किचनमधलं: जिलेटिन आणि डिंक. कोमट पाण्यात दोन्ही विरघळवून pH सुमारे ४ वर आणला की जिलेटिनवर पॉझिटिव्ह आणि डिंकावर निगेटिव्ह चार्ज येतो. दोघे एकमेकांना धरतात, पाण्यातून वेगळे होतात आणि तेलाच्या थेंबाभोवती कवच करतात. मग थंड करून ते कडक करायचं. गंमत म्हणजे ही पद्धत औषधवाल्यांनी नाही, तर गल्ल्याची मशीन बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. कशासाठी? कार्बन न ठेवता कॉपी निघणाऱ्या पावतीसाठी! वरच्या कागदाच्या मागे रंगाच्या सूक्ष्म कॅप्सूल असतात, पेनच्या दाबाने त्या फुटतात आणि खालच्या कागदावर अक्षर उमटतं.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत म्हणजे सॉल्व्हंट इव्हॅपोरेशन. पीएलजीए नावाचा पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचा, त्यात औषध मिसळायचं आणि हे मिश्रण पाण्यात जोरात ढवळायचं. सॉल्व्हंट उडून गेला की पावडरीसारखे गोळे उरतात. शरीरात गेल्यावर पाण्यामुळे पीएलजीएच्या साखळ्या हळूहळू तुटतात. उरतं लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक अॅसिड, जे शरीर पचवतं. आपोआप विरघळणारे टाकेही याच जातीच्या पॉलिमरचे. प्रोस्टेट कॅन्सरवरचं ल्युप्रोलाइड आधी रोज टोचावं लागे. १९८९ मध्ये अमेरिकेत 'ल्युप्रॉन डेपो'ला परवानगी मिळाली आणि महिन्याला एक इंजेक्शन पुरू लागलं. पेशंटच्या एकोणतीस सुया वाचल्या. माझ्या मते कुठल्याही ग्राफपेक्षा हा आकडा बोलका आहे.

अर्थात सगळं गुळगुळीत नाही. गोळ्याच्या पृष्ठभागावर चिकटलेलं औषध पहिल्याच दिवशी भसकन बाहेर पडतं, त्याला 'बर्स्ट' म्हणतात. शिवाय गोळे छोटे तर एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणजे रिलीज फास्ट. त्यामुळे ढवळण्याचा स्पीड बदलला की औषधाचं टाइमटेबलच बदलतं.

आता हॉस्टेलच्या कामाचं. स्ट्रिपवर एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेलं असेल तर गोळी चुरू किंवा चावू नका, कॅप्सूलमधले दाणेही चावू नका. भिंत फुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात जातो. काही कोटिंग दारूतही विरघळतात. 'पॅलाडोन' हे वेदनाशामक २००५ मध्ये याच कारणासाठी अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावं लागलं. दारूबरोबर घेतल्यास त्याचा जीवघेणा डोस एकदम सुटण्याचा धोका होता. गिळायला त्रास होत असेल तर केमिस्टला तेच औषध सिरपमध्ये मिळतं का विचारा आणि डोस डॉक्टरांकडून पुन्हा लिहून घ्या, कारण सिरप दिवसातून एकदा घेऊन भागत नाही.