पीयूसीत नापास झालेली गाडी काय सांगते?

मंडळी, पेट्रोल जळतं कसं ते मागच्या व्याख्यानात पाहिलं. आज ते नीट जळलं नाही की काय होतं, ते बघू.

पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि दोन मुख्य आकडे बघतो. एक कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, दहा लाख भागांत किती भाग ते. बीएस-२ पूर्वीच्या गाडीला ३ टक्के आणि १५००, बीएस-२ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५०, बीएस-४ ला ०.३ आणि २००. बरेच जण फक्त "नापास" एवढंच ऐकून गॅरेजला जातात. तसं करू नका, कागद मागून घ्या. रोगाचं निदान त्या कागदावरच असतं.

मोनॉक्साइड जास्त म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० किंवा पद्मिनीत आधी एअर फिल्टर बघा, मग चोक अडकलाय का, मग फ्लोटची पातळी. हायड्रोकार्बन एकटंच वाढलंय? मग गाडी मिसिंग मारतेय: प्लग, प्लगची वायर, टायमिंग, नाहीतर व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

आता इथली, माहीमची गोष्ट. एका बाजूला खाडी, समोर समुद्र. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, हे तुमच्या खिडकीच्या ग्रिल्सना विचारा! इंजेक्शनच्या गाडीत, इंजिन आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्या मधला पाइप गंजून किंवा गॅस्केट जाऊन फट पडली, की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, ऑक्सिजन उरलाय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर इमानदारीत पेट्रोल वाढवतो. मोनॉक्साइड चढतो, ॲव्हरेज पडतं. दोष शंभर-दोनशे रुपयांच्या गॅस्केटचा असू शकतो, आणि बदलला जातो सेन्सर. हीच फट मागे सायलेन्सरला असेल तर उलटं होतं: धुरात हवा मिसळून आकडे खोटे कमी दिसतात.

(श्रोत्यांतून प्रश्न: कन्व्हर्टरच बदलून टाकला तर?)

काका, तो सगळ्यात महाग भाग, म्हणून सगळ्यात शेवटी. मुंबईत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारलं जातं. मिसिंग मारणाऱ्या गाडीचं कच्चं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. प्लग न बदलता नवा बसवलात, तर तोही जाईल.

काही ठिकाणी स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करतात, गाडी पास करतात आणि बाहेर आल्यावर स्क्रू परत होता तिथे. कागद मिळतो. पण मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. गाडी चाळीच्या बोळात सुरू ठेवून पुसणारे आपलेच लोक असतात ना?

एक साधी गोष्ट राहिली. आठवडाभर झाकून ठेवलेली गाडी थेट केंद्रावर नेऊ नका. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि थंड कन्व्हर्टर काम करत नाही. दादर, शिवाजी पार्क असा पंधरा-वीस मिनिटांचा फेरा मारा, आणि गाडी बंद न करता रांगेत लावा.