एक ‘मुद्दाम’, कायद्यात तीन शब्द: फिर्याद लिहिण्यापूर्वी हे वाचा

यवतमाळ जिल्ह्यात अन्याय-अत्याचाराच्या प्रकरणात गावात गेलो की पीडित कुटुंब हमखास सांगते, “मुद्दाम केलं त्यायनं.” फिर्यादीतही तेवढेच उतरते. पण १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात या एका ‘मुद्दाम’च्या जागी तीन वेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे.

पहिला शब्द ‘इंटेन्शनली’, म्हणजे हेतुपुरस्सर. कलम ३(१)(आर) मध्ये, लोकांना दिसेल अशा ठिकाणी, मानहानी करण्याच्या हेतूने केलेला अपमान किंवा धमकी हा गुन्हा आहे. इथे हेतू दिसला पाहिजे. म्हणून “जातीवाचक शिवीगाळ केली” एवढ्यावर थांबू नका. नेमके शब्द, जागा, वेळ आणि तिथे हजर असलेल्यांची नावे लिहा.

दुसरा ‘नोइंग’, म्हणजे माहीत असताना. कलम ३(२)(व्ही) मध्ये दहा वर्षे वा अधिक शिक्षेचे गुन्हे येतात. पूर्वी असा गुन्हा जातीच्या कारणावरूनच घडला, हे सिद्ध करावे लागे. “भांडण धुऱ्याचं होतं, जातीचं नाही” हा बचाव तिथे चालायचा. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरते. मारहाण, धमकी अशा अनुसूचीतील गुन्ह्यांनाही, कलम ३(२)(व्हीए) नुसार, हीच कसोटी आहे. शिवाय कलम ८(सी) प्रमाणे आरोपी पीडिताला किंवा कुटुंबाला वैयक्तिक ओळखत असेल, तर जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. म्हणून किती वर्षांची ओळख, शेजार, शेताला शेत लागून आहे का, हे फिर्यादीत आलेच पाहिजे.

तिसरा ‘विलफुली’, म्हणजे कर्तव्य ठाऊक असूनही टाळणे. कलम ४ हे अनुसूचित जाती-जमातीबाहेरील लोकसेवकांसाठी आहे. तोंडी फिर्याद सहीपूर्वी वाचून न दाखवणे, गुन्हा न नोंदवणे, प्रत लगेच न देणे यासाठी सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. मात्र प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणून अर्ज लेखी द्या, तारखेसह पोच घ्या.

तेव्हा ठाण्यात जाण्याआधी पीडिताजवळ बसून तीन प्रश्न विचारा: तो काय बोलला, त्याला काय माहीत होते, अधिकाऱ्याने काय टाळले? उत्तरे कागदावर घ्या आणि मगच सही होऊ द्या.

जय भीम.