आधी हवा, मग रबर, मग बटणं

‘गेल्या महिन्यात माउंटन बाईक घेतली. रविवारी टेकडीवर जातो. मुरमाच्या उतारावर पुढचं चाक दोनदा घसरलं, म्हणून टायर बदलायला दुकानात गेलो. तिथं सांगितलं, पकड हवी असेल तर हा घ्या, पळायला हवा तर तो, आणि टिकायला हवा तर तिसरा. तिन्ही गोष्टी एका टायरात का मिळत नाहीत?’ पुण्यातल्या एका वाचकाचं हे पत्र.

दुकानदार खोटं बोललेला नाही. टायर बनवणारे या तिढ्याला ‘जादूचा त्रिकोण’ म्हणतात. पकड, वेग आणि टिकाऊपणा हे त्याचे तीन कोपरे. एक ओढला की बाकीचे दोन कुरकुरतात. पण पत्रात एक गोष्ट राहून गेली होती, ती मी उलट टपाली विचारली : टायरमध्ये हवा किती होती? उत्तर आलं, ‘पंपवाल्याने भरली तेवढी. पन्नास असेल.’

चला, इथूनच सुरुवात करू.

स्वार 75 किलोचा, सायकल 15 किलोची, एकूण 90. टायरमध्ये 30 पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2 किलोचा दाब. 90 भागिले 2, म्हणजे 45 चौरस सेंटिमीटर. दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकतात ती एवढीच. खिशातलं एटीएम कार्ड काढून पाहा, त्याचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरेल. (टायरची कूस, म्हणजे बाजू, स्वतःही थोडा भार पेलते, म्हणून हिशेब ढोबळ.) चढावरचा जोर, वळणावरचा तोल आणि उतारावरचा ब्रेक, सगळं त्या एका कार्डावर. आता हवा 50 करा. कार्डाचे पाच भाग करून त्यातले दोन कापून टाकलेत! वर बटणांच्या, म्हणजे टायरवरच्या उंचवट्यांच्या, मधल्या फटी वेगळ्याच.

मग रुंद टायरने काय साधतं? हवा तेवढीच ठेवली तर टेकणारी जागाही तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो. अरुंद टायरची जागा लांबुळकी काकडीसारखी, रुंदाची आखूड आणि पसरट. लांबुळक्या जागेसाठी टायरला जास्त दबावं लागतं आणि त्यात जास्त शक्ती वाया जाते. त्यामुळे त्याच हवेवर रुंद टायर उलट हलका पळतो. आणि खरा फायदा पुढचाच : रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवली तरी रिम दगडावर आपटत नाही.

इथे माझ्या एका आवडत्या माणसाला आणल्याशिवाय राहवत नाही. हवेचा टायर कोणाचा, असं विचारलं की प्रश्नमंजूषेतलं पोरही ‘डनलप’ म्हणून मोकळं होतं. बेलफास्टमधला हा गुरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडते म्हणून 1888 च्या सुमारास त्याने रबराची नळी चाकावर बसवली, तिच्यात हवा भरली आणि अंगणात दोन चाकं घरंगळत सोडली. भरीव रबराचं चाक वाटेतच कलंडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून पलीकडे जाऊन धडकलं. पुढल्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या स्वाराने असले टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव टायरचे दिवस भरले.

पण त्याच्या 43 वर्षं आधी, डिसेंबर 1845 मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनीयरने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. वय वर्षं 23. आत रबर चढवलेल्या कापडाची हवाबंद नळी, बाहेरून चामड्याचं कवच. सायकली तेव्हा आजच्या रूपात नव्हत्याच, म्हणून त्याने हे टायर घोडागाडीला लावले आणि 1847 साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालवून दाखवले. मला सगळ्यात भावतं ते पुढचं. त्याने गाडी ओढायला किती जोर लागतो हे मोजलं, आणि तेही दोन प्रकारच्या वाटांवर : एक चांगला बांधलेला रस्ता, दुसरी नुकत्याच फोडलेल्या दगडांची खडी. चांगल्या रस्त्यावर हवेच्या टायरने जोर वाचलाच, पण खडीवर तो कितीतरी पट जास्त वाचला.

जग हे विसरून गेलं. रबर महाग, बनवायला किचकट. खुद्द थॉमसनने 1867 साली वाफेची गाडी काढली तेव्हा तिला जाड, भरीव रबराचे टायर लावले. पुढे डनलपचं पेटंट थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळेच रद्द झालं, पण नाव मात्र डनलपचं राहिलं. थॉमसन 1873 सालीच वारला होता. त्या खडीवरच्या मोजणीत अख्खी माउंटन बाईक दडलेली होती असं मी म्हणेन, कोणाला अतिशयोक्ती वाटली तरी चालेल. ती बाहेर यायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसवर काही उनाड पोरं भंगारातल्या जुन्या, फुगीर टायरच्या सायकली उतारावर सोडायची. 1976 पासून त्याच परिसरात शर्यत लागायला लागली, तिचं नाव ‘रीपॅक’. कारण खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचं, आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं.

थॉमसनचा निष्कर्ष साध्या भाषेत असा. टणक चाकासमोर लिंबाएवढा दगड आला की चाक तो चढतं आणि सायकलीसकट तुम्हाला वर उचलतं. उचलायची शक्ती तुमच्या पायांतली, आणि खाली आदळल्यावर ती परत मिळत नाही. हातापायांच्या स्नायूंत हादरे बनून विरते. मऊ टायर तोच दगड पोटात घेतो. टायर उचलला जात नाही, फक्त तेवढ्यापुरता दबतो.

म्हणूनच जाहिरातीत ‘इतके वॅट वाचवा’ असं लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारतो, कुठे वाचवले? बहुतेक चाचण्या फिरत्या पोलादी पिंपावर होतात. गुळगुळीत पिंपावर हवा जितकी जास्त तितका टायर हलका पळतो, हे खरंच आहे. पण पिंपावर मुरूम नसतो आणि वर थरथरणारा माणूसही नसतो. या एका चाचणीच्या जोरावर सायकलवाल्यांच्या पिढ्यांनी टायर दगडासारखे फुगवले. डनलपचं अंगण त्या पिंपापेक्षा खरं बोलत होतं.

आता रबर. शाळेतले दोन खोडरबर आठवा. एक मऊ, कागदाला चिकटून पेन्सिल पुसणारा, पण महिन्याभरात संपणारा. दुसरा टणक, वर्षभर कंपासपेटीत पडून राहणारा आणि कागदावर नुसता घसरणारा. त्रिकोणाचे दोन कोपरे तिथेच भेटतात. तिसरा, म्हणजे वेगाचा, समजायला दुकानात एक गंमत करा. दोन वेगवेगळ्या टायरच्या बटणांत अंगठ्याचं नख रुतवा आणि काढा. एकातला व्रण नख उचलताच नाहीसा होईल. दुसऱ्यातला, भिजवून ठेवलेल्या कणकेत बोट दाबल्यावर खळगा सावकाश भरून येतो तसा, रेंगाळत जाईल. हा रेंगाळणारा रबर दगडाच्या बारीक खाचांत शिरतो आणि लगेच उसळून सुटत नाही, म्हणून धरून ठेवतो. पण त्याला दाबायला खर्चलेली शक्ती तो परतही करत नाही. उष्णता होऊन ती उडून जाते. पकड आणि वेग यांचं भांडण मुळात एवढंच : जो रबर शक्ती खातो तो धरतो, जो परत करतो तो पळतो.

मग काहीच मार्ग नाही? आहे, आणि तो सुंदर आहे. 29 इंची चाक ताशी 20 किलोमीटर वेगाने पळताना सेकंदाला जेमतेम अडीच फेरे घेतं. टायरचा प्रत्येक भाग फेऱ्यागणिक एकदा दबतो. ही झाली विलंबित लय. पण ब्रेक लागल्यावर रबर दगडाच्या सूक्ष्म कणांवरून किंचित सरकतो तेव्हा तो सेकंदाला हजारो, लाखो वेळा दबतो-सुटतो. ही अतिद्रुत. तेव्हा असा रबर हवा जो विलंबितात शक्ती परत देईल आणि द्रुतात खाईल. एकाच गवयाने दोन लयींत दोन वेगळे स्वभाव दाखवायचे!

रबराची पकड या लयीवर आणि तपमानावर मिळून कशी बदलते, हे ब्रिटनमधल्या कार्ल ग्रॉश यांनी 1963 साली मोजून दाखवलं. वेगवेगळ्या तपमानांवर, वेगवेगळ्या गतींनी रबर घासला, आणि ते सारे विखुरलेले आलेख सरकवून एकाच वक्ररेषेवर आणून बसवले. रबर थंड करणं आणि त्याची लय वाढवणं यांचा परिणाम सारखाच. टायर-रसायनज्ञाला यातून नकाशा मिळाला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशलँने मोटारीच्या टायरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका घातली, म्हणजे वाळूचीच भाऊबंद, आणि त्रिकोण थोडा मोठा झाला. मोडला नाही, मोठा झाला. आज सायकलच्या चांगल्या टायरांतही सिलिका असते. टायरवर रबराच्या टणकपणाचा आकडा कधी छापलेला असतो : 60 च्या आसपास टणक, 42 च्या आसपास अगदी मऊ. पण टणकपणा वेगळा आणि रेंगाळणं वेगळं. दुसऱ्याचा आकडा कोणी छापत नाही, म्हणून नखाची चाचणी.

बटणांबद्दल लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, आणि तिथे सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. कातळावर पकड देतो रबर. बटणं जितकी कमी उंच आणि दाट तितकं बरं. मऊ मातीत मात्र आधी माती फाटते, तिथे रबर कितीही चिकट असून उपयोग नाही. तिथे बटण रुतायला हवं, पावसात बांधावरून चालताना आपण अंगठा रोवतो तसं. सह्याद्रीतला मुरूम यांच्या मधला आणि म्हणून दुष्ट : खाली टणक, वर सुटे खडे, ते बेअरिंगच्या छर्‍यांसारखे फिरतात. तिथे मध्यम उंचीची, मधे मोकळी जागा असलेली, कडेला दणकट बटणं लागतात. काळ्या मातीच्या चिखलावर मात्र कुठल्याही नक्षीचा इलाज चालत नाही. चाक दोन फेऱ्यांत फोर्कमध्ये अडकतं. सायकल खांद्यावर घ्या. शेवाळलेल्या कातळावरही उतरून चाला.

राहिला टिकाऊपणा. झिजलेला खोडरबर उजेडात तिरका धरलात तर त्यावर घासण्याच्या दिशेला आडव्या बारीक लाटा दिसतील. अ‍ॅडॉल्फ शालामाक या शास्त्रज्ञाने त्यांचा बारकाईने अभ्यास केला. आज त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. रबर एकसारखा किसला जात नाही. लाटेचा शेंडा वाकतो, बुडाशी चीर पडते, शेंडा तुटतो. हे होतं सरकताना, नुसतं फिरताना फारसं नाही. म्हणजे टायर किलोमीटरने कमी आणि मागचा ब्रेक करकचून दाबून चाक फरफटवल्याने जास्त झिजतो. बाकी मरण येतं ते बाजूने : बेसॉल्टच्या धारदार कडेने कूस फाटते. इथे जाहिरातीतल्या ‘120 टीपीआय’वर भाळू नका. इंचात जास्त धागे म्हणजे धागे बारीक, टायर लवचिक आणि हलका. मजबूत असेलच असं नाही. आपल्या दगडांना 60 धाग्यांचा जाडसर टायर अनेकदा जास्त मानवतो. बाभळीच्या काट्यापुढे दोन्ही सारखेच. त्याला उत्तर ट्यूबलेस आणि आतलं सीलंट. ते भोकाशी येऊन गोठतं, आणि ट्यूबच नसल्याने कमी हवेत दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटून ती फुटायची भीतीही जाते.

तेव्हा वाचकमित्रा, तिन्ही गोष्टी एका टायरात मिळणार नाहीत. पण सायकलला टायर दोन असतात. पुढचं चाक सुटलं तर माणूस पडतो, म्हणून पुढे मऊ, पकडीचा टायर. मागचं घसरलं तर बहुधा सावरता येतं. शिवाय जास्त वजन, पेडलचा जोर आणि फरफट त्याच्याच वाट्याला येते, म्हणून मागे टणक, कमी उंच बटणांचा, दमदार टायर. मागचा गोटा झाला की तेवढाच बदला.

आणि हे सगळं पुढच्या महिन्यात. या रविवारी दुकानात जाऊ नका, पंप हातात घ्या. तुमच्या वजनाला, ट्यूब असताना, पुढे 28 आणि मागे 30 च्या आसपास हवा ठेवा. पंपावरच्या काट्याचा भरवसा नसेल तर हवा मोजायचं साधं यंत्र घ्या, नव्या टायरपेक्षा ते खूपच स्वस्त पडतं. मग त्याच मुरमाच्या उतारावर जा, सावकाश. रिम दगडाला लागल्याचा ठक्क आवाज आला तर 2 वाढवा. नाही आला आणि चाक धरून राहिलं, तर नव्या टायरचे पैसे सध्या खिशातच राहू द्या.