ई-मेलद्वारे डाळ व हळदीची विक्री

लातूरच्या बाजारात तुरीचे पोते आडतीवर उतरले की पिकविणारा व खाणारा यांचा संबंध तेथेच संपतो. डाळ कोणाच्या घरी शिजली, ती चांगली लागली की नाही, हे शेतकऱ्यास कळत नाही. पुढील हंगामात तेच गिऱ्हाईक परत मिळविण्याचा मार्गही त्याच्यापाशी उरत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व बचत गटांनी ई-मेलचा नीट उपयोग केल्यास हा संबंध अल्प खर्चात जोडता येतो.

२०२४ साली लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच व कास्तीची कोथिंबीर यांस भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, परंतु माल केव्हा तयार होतो व कोठे मिळतो हे गिऱ्हाइकास कळल्याखेरीज नावाचा दाम पदरात पडत नाही. अर्थात सर्वच मालास हे साधन उपयोगी नाही. कोथिंबीर किंवा अर्धापूरकडील केळी नाशवंत असल्याने मागणी येईपर्यंत थांबू शकत नाहीत. तूरडाळ, चिंच व नांदेडकडील हळद मात्र टिकाऊ असून पार्सलने दूर पाठविता येतात.

पहिले काम गिऱ्हाइकांची यादी करणे हे होय. धान्य महोत्सवात किंवा प्रदर्शनात माल घेणाऱ्याची संमती घेऊनच त्याचा पत्ता नोंदवावा. विकत घेतलेली यादी म्हणजे उगवणशक्ती न तपासलेले बियाणे. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीने सुमारे ४०० जणांस न विचारता जाहिरात पाठविली, तेव्हाही तक्रारी झाल्या होत्या. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ साली झालेल्या कायद्याचेही तत्त्व हेच आहे, की संमती घ्यावी व ती देणे जितके सोपे, तितकेच परत घेणेही सोपे असावे. म्हणून प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘पत्रे नकोत’ असे कळविण्याची सोय ठेवावी. हजारी तीन वाचकांनी जरी तक्रार केली, तरी पुढील पत्रे नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात जाऊन पडण्याचा धोका असतो.

पत्रे हंगामास धरून पाठवावीत. तुरीची पेरणी झाल्यावर एक, डिसेंबर-जानेवारीत काढणी होऊन डाळ तयार झाल्यावर दुसरे, आणि उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची बेगमी चालू असताना तिसरे, एवढी पुरेत. हळदीचे पत्र ती शिजवून, वाळवून व पॉलिश करून झाल्यावर धाडावे. विषयाच्या ओळीत ‘नवी तूरडाळ तयार’ असे स्पष्ट लिहावे. आत वजन, टपालखर्चासह किंमत व मागणी नोंदविण्याची एकच जागा द्यावी. मजकूर फोनवर सहज वाचता येईल इतका आटोपशीर असावा.

किती जणांनी पत्र उघडले हा आकडा फसवा असतो. काही फोनवर वाचकाने पत्र पाहिले नसले तरी ते उघडल्याची नोंद होते. त्यापेक्षा किती मागण्या आल्या व त्यांपैकी किती जणांनी पुन्हा माल घेतला, याची वही ठेवावी.

एखाद्या वर्षी पावसाने पीक बुडाले, तर तेही याच पत्रातून कळवावे. अशा वेळी बाजारातून दुसरी डाळ आणून त्याच नावाने विकण्याचा मोह होतो. यादीतील गिऱ्हाईक डाळीची चव ओळखते. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढचे पत्र उघडीत नाही, आणि गावाने कमावलेले नावही जाते.