तारीख तीच, दिसते मात्र निराळी

सर्वण येथील एखाद्या आजीचा जन्म ५ जून १९४९ रोजी झाला, असे समजू. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठ नागरिकांसाठी वयाची अट साठ वर्षांची. तेव्हा आजीच्या पात्रतेविषयी शंकेला जागा नाही. तरीही संगणकातून निघालेल्या एखाद्या यादीत तिचा जन्म २०४९ साली व्हायचा असल्याचे आढळू शकते. मूळ नोंदीत कोणीही खाडाखोड केलेली नसते. चूक असते ती तारीख दाखविण्याच्या पद्धतीत.

आपण लिहितो तशी तारीख डेटाबेसमध्ये साठविलेली नसतेच. ओरॅकल ती सात बाइटांत ठेवते: शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. पोस्टग्रेस तर १ जानेवारी २००० पासूनचे दिवस मोजून केवळ एक आकडा ठेवते. आजीची तारीख तेथे ऋण संख्या होऊन बसते. पडद्यावर जे उमटते, ते एसक्यूएल डेव्हलपर किंवा डीबीव्हर यांसारखे साधन स्वतःच्या मांडणीप्रमाणे रचून दाखवते. म्हणूनच शेजारी बसलेल्या दोन कर्मचाऱ्यांना एकच नोंद ०५-०६-१९४९ आणि १९४९-०६-०५ अशी निराळी दिसू शकते. दोघेही बरोबर असतात.

एसक्यूएल डेव्हलपरमध्ये ही मांडणी 'टूल्स', 'प्रेफरन्सेस', 'डेटाबेस' आणि त्याखालील 'एनएलएस' येथे बदलता येते. हा बदल त्या संगणकापुरता. सर्व्हरवरील नोंदीला त्याचा स्पर्शही होत नाही. अमेरिकी मांडणीत ओरॅकलचे रूप 'डीडी-एमओएन-आरआर' असे असते, म्हणजे दिवस, महिन्याची तीन अक्षरे आणि वर्षाचे शेवटचे दोनच अंक. अर्ज दाखल झाल्याची वेळ नोंदीत असली, तरी ती त्यात दिसत नाही. मग डोळ्यांसमोरची तारीख शोधायला जावे, तर एकही नोंद सापडत नाही आणि माणूस चक्रावतो. वेळ दाखवू पाहणाऱ्यांची आणखी एक फसगत ठरलेली: ओरॅकलमध्ये मिनिटांसाठी 'एमआय' लिहावे लागते. 'एमएम' लिहिले की मिनिटांच्या जागी महिना उमटतो व जूनमधला प्रत्येक अर्ज सहा मिनिटांनीच आलेला दिसतो.

पाहण्यापुरते हे सारे निरुपद्रवी. यादी फाइलमध्ये उतरवली, की जे दिसत होते तेच नोंद होऊन बसते. वर्षाचे पहिले दोन अंक तेथेच गळून पडतात आणि फाइल पुन्हा वाचणाऱ्या प्रणालीला शतक ताडावे लागते. ओरॅकलचा 'आरआर' नियम सध्या ०० ते ४९ हे अंक एकविसाव्या शतकात आणि ५० ते ९९ हे विसाव्या शतकात धरतो. त्यामुळे १९४९ची आजी २०४९ मध्ये जाते, तर १९५० साली जन्मलेली तिची बहीण जागच्या जागी राहते. थोरली धाकटीहून नव्याण्णव वर्षांनी लहान! मायएसक्यूएलची सीमारेषा सत्तरवर आहे; त्याला नुसते ६१ दिले, तर गोवामुक्तीचे वर्ष २०६१ होते.

दिवस-महिन्याची अदलाबदल याहून फसवी. पोस्टग्रेसच्या अंगभूत मांडणीत महिना आधी वाचला जातो. ०५/०६/१९४९ म्हणजे ६ मे. तारीख २५/०६ असती, तर पंचविसावा महिना नसल्याने प्रणालीने ती नाकारली असती. पण वर्षातील १३२ तारखा अशा आहेत, की त्या उलट वाचल्या तरी कोणी हटकत नाही.

म्हणून फाइल काढण्यापूर्वी मांडणी 'वायवायवायवाय-एमएम-डीडी' अशी करून घ्यावी. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमही हाच आहे. (आम्ही बातमीत महिना अक्षरांत लिहितो, तेही याच भयाने.) दुसऱ्याकडून आलेली फाइल भरायची असेल, तर आधी १९/१२/१९६१ ही एकच ओळ भरून पाहावी. महिना आधी वाचला जात असेल, तर पोस्टग्रेस तेथेच अडते.